तात्सुमी-सानची माहिती

कोर्यो गावात मोजे होतात. भातही होतो, वांगीही होतात, पण परक्या गावात कोर्योचं नाव निघालं की ऐकणारा आधी स्वतःच्या पायांकडे बघतो. तात्सुमी शुझो याच गावच्या एका मध्यम कारखान्यात मोज्यांना आकार देण्याच्या यंत्रावर होता. त्या यंत्रावर पत्र्याचे सपाट पाय ओळीने उभे असतात, तळवे आभाळाकडे करून. विणून आलेला मोजा चुरगळलेला असतो. तो पत्र्याच्या पायात चढवायचा, पाय वाफेच्या पेटीत जातो, दुसऱ्या अंगाने बाहेर येतो तेव्हा मोजा कसा कडक इस्त्रीचा. तो उतरवायचा, पुढचा चढवायचा. पत्रा तापलेलाच असतो. शुझोची बोटं वर्षानुवर्षं भाजून इतकी निबर झाली होती की चहाचा वाफाळता पेला तो दोन बोटांत धरून सावकाश गप्पा मारत बसे.

गप्पा म्हणजे माहिती. दुसऱ्या कुठल्या गप्पा त्याला येत नव्हत्या.

याचं मूळ कारखान्यातल्या सकाळच्या रांगेत होतं. रोज काम सुरू होण्याआधी सगळे अंगणात उभे राहतात, रेडिओच्या तालावर हातपाय हलवतात, मालकीणबाई मासुई-सान दोन सूचना देतात आणि मग रांगेतल्या एकाने पुढे येऊन थोडं बोलायचं. पाळी ठरलेली असते. विषय कुठलाही चालतो, आणि नेमकं तिथेच माणसांची बोबडी वळते. कोणी म्हणतं, थंडी वाढली आहे, सांभाळा. कोणी म्हणतं, काल मुलाचा बेसबॉलचा सामना होता, हरला. बोलणं कसंही असो, शेवटी टाळ्या वाजवायच्याच, हा नियम. शुझो नवा होता तेव्हा पहिल्या पाळीला तो पुढे आला, कान लाल करून उभा राहिला आणि तसाच मागे गेला. त्यालाही टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांची लाज त्याला पुढे महिनाभर पुरली.

दुसऱ्या पाळीच्या दिवशी त्याच्या खिशात गोड गोळ्यांचं पाकीट होतं आणि त्याच्या मागे एक ओळ छापलेली होती. तेवढीच त्याने म्हणून टाकली. "फुलपाखरू पायांनी चव घेतं."

मग मागून, पॅकिंगच्या बायकांतून एक खणखणीत आवाज आला, "मग त्यांना मोजे विकू नका, उपाशी मरतील बिचारी!"

अख्खी रांग हसली. मासुई-सानही हसल्या, आणि त्या सहसा हसत नसत. आपण तोंड उघडलं आणि माणसं हसली, असं शुझोच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. त्याला ते इतकं गोड लागलं की त्याने पुढे उभा जन्म त्यातच घालवला. वाचनालयातली पुस्तकं, टीव्हीवरचे प्रश्नोत्तरांचे कार्यक्रम, वर्तमानपत्रातले कोपरे, काही सोडलं नाही. लिहून ठेवत नसे, सगळं डोक्यात. लोकही हुशार. "तात्सुमी-सान, माझी पाळी तुम्हीच घ्या ना," असं म्हणत एकेकाने आपलं ओझं त्याच्या गळ्यात घातलं, आणि त्याने ते हौसेने घालून घेतलं. आठवड्यातून चार सकाळी तोच बोलायचा. जिराफाच्या लांबलचक मानेत माणसाइतकीच, सातच हाडं असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. सुतार पक्ष्याची जीभ आत कवटीला वळसा घालून गेलेली असते.

मागून ओरडणारी ती कियोए. पार ईशान्येकडे, यामागाता भागातल्या नागाईची. पोरवयात ओसाकाच्या सूतगिरणीत कामाला आली, गिरणी बंद पडली, मग कोर्योला मोज्यांच्या पॅकिंगला लागली. तिच्या बोलण्याला गावाकडचा हेल होता आणि तो लपवण्याची तिला गरज वाटत नसे. शुझोने सांगायचं आणि कियोएने मागून टोला हाणायचा, असा रोजचा खेळ झाला. लग्न त्यांनी केलं खरं, पण रांगेने ते आधीच लावून टाकलं होतं.

घरीही तेच. "शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो," तो जेवताना म्हणायचा.

"आणि तुझा?"

"माझा काय?"

"काही नाही. जेव."

हे हसण्यावारी जाई. पण जिथे माणसाने माणसासारखं काही बोलायला हवं, तिथेही शुझोच्या तोंडून माहितीच बाहेर पडे. मूल होणार नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, त्या दिवशी परत येताना कियोए काही बोलत नव्हती. शुझोला ते सहन होईना. तो म्हणाला, "समुद्रघोड्यांत पिल्लं नर पोटात वाढवतो. मादी नाही." कियोए ताडताड पुढे निघून गेली. घरी भात शिजेपर्यंत तिने त्याच्याकडे पाठ केली होती. मग वळून म्हणाली, "घोड्याला जमतं ते तुला नाही जमत?" आणि हसली, आणि हसता हसता रडली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ तशीच उभी राहिली. शुझोला वाटलं, माहिती कामी आली. माहितीने काही केलं नव्हतं. कियोएने तिच्यात आपली ओळ घातली होती म्हणून त्या माहितीचं बोलणं झालं होतं. हे त्याला कोणी सांगितलं नाही, आणि स्वतःहून समजण्याइतका तो शहाणा नव्हता.

कियोए गेली ती पोटाच्या दुखण्याने. वसंतात कळलं आणि पानं पिवळी पडायच्या सुमारास संपलं. इस्पितळात शुझो रोज संध्याकाळी जाई आणि खाटेशेजारी बसून रोजचं सांगे. आधी ती टोला हाणायची, मग नुसती "हं" म्हणायची, मग तेही थांबलं. तो सांगत राहिला. नर्स पडद्याआडून ऐकून जायच्या. एक जण म्हणाली, "किती माहिती हो तुम्हाला!" त्याने वाकून आभार मानले.

ती गेल्यावर त्याला काही वाटलं नाही. असं लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं तेच आहे. त्याने तांदूळ धुतले, आंघोळ केली, शेजाऱ्यांना कळवलं, सगळं वेळच्या वेळी. आतून तो त्याच्या बोटांच्या टोकांसारखा झाला होता. चटका बसतोय हे दिसत होतं, लागत नव्हतं.

नागाईहून कियोएची थोरली बहीण फुसाए एकटीच आली. तीन गाड्या बदलून, काळ्या पोशाखात, पाठीत वाकलेली. विधवा बाई, शेती करून दोन मुलं वाढवलेली, शब्दाला कडक. तिने येताना एक कापडी खोळ आणली होती. आईच्या जुन्या किमोनोचं रेशीम उसवून, रात्रंदिवस बसून तिने ती शिवली होती. अस्थींच्या भांड्यावर घालायची खोळ. "आईच्या कुशीत जाईल," एवढंच ती म्हणाली आणि खोळ मांडीवर ठेवून बसून राहिली.

दहनगृहात भट्टीतून अस्थींचा पलंगाएवढा लांब थाळा बाहेर आला तेव्हा नातेवाईक, शेजारी, मासुई-सान असे सगळे भोवती उभे राहिले. पांढरे हातमोजे घातलेला तिथला माणूस हळू आवाजात सांगू लागला. आधी पायाच्या अस्थी उचलायच्या, मग हळूहळू वर, म्हणजे गेलेलं माणूस भांड्यात ताठ बसतं. दोघांनी मिळून लांब काड्यांनी एकच तुकडा उचलायचा. शुझो आणि फुसाएने पहिला उचलला. भांडं लहानसं होतं, लोणच्याच्या बरणीएवढं. फुसाएने ते बघितलं, पण तिला वाटलं असेल, हे पायांपुरतं.

मग त्या माणसाने दोन हातांवर एक तुकडा घेऊन सगळ्यांना दाखवला. "हा गळ्यातला बुद्ध. हात जोडून बसल्यासारखा दिसतो ना? फार सुंदर राहिला आहे."

बायकांनी हात जोडले. शुझोचं तोंड उघडलं. "लोक समजतात कंठमणी, पण तो नाही. कंठमणी मऊ असतो, तो जळून जातो. हा मानेचा दुसरा मणका."

"हो का," तो माणूस नम्रपणे म्हणाला. मासुई-सान जमिनीकडे बघू लागल्या.

तो बुद्ध वर ठेवला आणि भांडं भरलं. त्या माणसाने झाकण हातात घेतलं. थाळ्यावर अजून कितीतरी होतं, अर्ध्याहून जास्त.

"आणि हे?" फुसाए म्हणाली.

"बाकीच्या अस्थींची आम्ही आदराने व्यवस्था करतो."

"व्यवस्था म्हणजे? अहो, ही माझी बहीण आहे. ही इथेही माझी बहीण आणि तिथेही माझीच बहीण. अर्धी न्यायची आणि अर्धी टाकायची, ही कुठली रीत?" तिने काखेतली खोळ उलगडून त्या लहानशा भांड्यावर धरली. बाळाला बापाचा सदरा घातल्यासारखं झालं. नागाईला भांडं केवढं असतं, ते आत्ता कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. तिकडे सगळं माणूस घरी नेतात.

पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस थांबला. झाकण हातात धरून त्याने शुझोकडे बघितलं. फुसाएनेही बघितलं. सगळी खोली शुझोकडे बघत होती, तो एक शब्द बोलेल म्हणून.

आणि शुझो सकाळच्या रांगेतल्या आवाजात म्हणाला, "पूर्वेकडे सगळ्या अस्थी नेतात आणि इकडे पश्चिमेकडे थोड्याच. साधारणपणे नागोयाच्या आसपास कुठेतरी ही रीत बदलते. त्यामुळे भांड्याचं मापही वेगळं असतं."

इतकं बोलून तो थांबला. सवयीने त्याने किंचित मानही लववली. पांढऱ्या हातमोज्यांच्या माणसानेही मान लववली, झाकण ठेवलं आणि थाळा आत सरकवला. दार बंद झालं.

फुसाएने खोळीची घडी घातली. परतीच्या गाडीत, जेवणाला, स्टेशनवर, ती शुझोशी एक अक्षर बोलली नाही. निघताना तेवढं वाकून नमस्कार केला, परक्याला करतात तसा.

शुझो कामावर परत आला तो दिवस त्याच्या पाळीचा नव्हता, पण त्याच्यादेखत पुढे येऊन बोलायची कोणाची छाती झाली नाही. सगळे हळूच त्याच्याकडे बघू लागले. मासुई-सान म्हणाल्या, "आज राहू द्या, तात्सुमी-सान."

"नाही, नाही," म्हणत तो पुढे आला. "नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या अंगात साधारण तीनशे हाडं असतात. मोठेपणी दोनशे सहा राहतात. बाकीची एकमेकांत मिसळून जातात."

त्याने वाट बघितली. मागून आवाज आला नाही. पॅकिंगच्या बायका खाली मान घालून उभ्या होत्या. मग टाळ्या वाजल्या, नियमाप्रमाणे. शुझो यंत्रावर गेला आणि मोजे चढवू लागला. आपण इतकी वर्षं रांगेला सांगत होतो असं त्याला वाटत होतं. सांगत होता तो एकाच बाईला, आणि ती आता तिथे नव्हती. हे त्याला त्या सकाळी कळलं, पण कळून त्याचं काही झालं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा संपवला.

त्या संध्याकाळी फोन वाजला.

"शुझो-सान, जेवलात?" फुसाएचा आवाज.

"हो, ताई. तुम्ही?"

"एकच विचारायचं होतं. ते उरलेलं कुठे गेलं?"

शुझोने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पश्चिमेची रीत त्याला माहीत होती, पूर्वेची होती, मापं माहीत होती. थाळा त्या दारातून आत गेल्यावर पुढे काय होतं, हे त्याने कधी वाचलं नव्हतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"बरं," असं म्हणून तिने फोन ठेवला. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. फोन हातात धरून तो उभा राहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला काहीतरी वाटलं. भीती वाटली. कियोए कुठेतरी होती आणि ती कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो सायकलने दहनगृहावर गेला. पांढऱ्या हातमोज्यांचा माणूस मागच्या बाजूला पानं झाडत होता. आता त्याच्या हातात साधे सुती हातमोजे होते. त्याने शुझोला लगेच ओळखलं.

"अहो, तुम्ही माहितीवाले! या, या. तुमची ती नागोयाची गोष्ट मी आता पूर्वेकडच्या पाहुण्यांना सांगतो बरं का. फार उपयोगी पडते. ते बिचारे गोंधळतात ना."

शुझोने कसंबसं उरलेल्या अस्थींचं विचारलं.

"त्या होय? त्या आम्ही जपून ठेवतो आणि मग सगळ्या मिळून उत्तरेकडच्या एका देवळात जातात. तिथे मोठं स्मारक आहे. वर्षातून दोनदा पूजा होते, अगदी व्यवस्थित. मी स्वतः जाऊन बघून आलोय."

"मला त्या परत हव्यात."

त्या माणसाने झाडू भिंतीला टेकवला. "गाडी येऊन गेली हो. मागच्या आठवड्यातच."

"थोड्या तरी?"

"अहो, सगळ्यांच्या एकत्र असतात. कोणाच्या कुठल्या, ते आता देवालाच ठाऊक." मग त्याला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "त्या दिवशी तुम्ही बोलला असता तर काहीच अडचण नव्हती. मोठी भांडी आहेत की कपाटात. पूर्वेकडची माणसं हमखास मागतात, आम्ही देतो. मी थांबलो होतो बघा झाकण घेऊन, तुमच्याकडेच बघत होतो. तुम्ही इकडची रीत समजावून सांगितलीत. मला वाटलं, तुमची तीच इच्छा."

हे त्याने दोष देण्यासाठी सांगितलं नाही. चांगला माणूस होता, घडलं ते सांगत होता. शुझोने वाकून त्याचे आभार मानले. सायकल त्याने घरापर्यंत हातात धरून आणली. चढून बसायचं असतं हे त्याला सुचलंच नाही.

'सगळ्या.' एवढा एक शब्द होता. मूल बोलायला शिकतं तेव्हा पहिल्या वर्षात येणारा शब्द. तो म्हणाला असता तर कियोए अख्खी घरी आली असती, आईच्या रेशमात गुंडाळून. त्याऐवजी त्याने माहिती सांगितली, आणि माहितीत एकही चूक नव्हती.

सकाळी रांगेत त्याची पाळी होती. तो पुढे आला, उभा राहिला. लोक वाट बघत होते. "आज काही नाही," तो म्हणाला. हात सवयीचे गुलाम, टाळ्या वाजल्याच. मासुई-सानना मात्र राहवलं नाही. त्या त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तात्सुमी-सान, कुठे जाऊन यायचं असेल तर जाऊन या. यंत्र कुठे पळून जात नाही."

एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी पुरायच्या असतात. त्याच्या आधीच शुझो भांडं फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन नागाईला निघाला. गाड्या बदलत गेला तसा बाहेर बर्फ वाढत गेला. शेजारच्या बाईने मांडीवरचं गाठोडं बघितलं आणि न बोलता आपली पिशवी उचलून त्याला पाय पसरायला जागा करून दिली. बर्फाबद्दल त्याला पुष्कळ माहीत होतं. त्याने काही सांगितलं नाही.

फुसाएने दार उघडलं, त्याच्या हातातलं गाठोडं बघितलं आणि बाजूला झाली. आत शेगडीवर अरवीच्या कंदांचा रस्सा शिजत होता. तिने त्याच्यापुढे वाडगा ठेवला, लोणचं ठेवलं. पाहुणा दारात आल्यावर रागही चुलीमागे ठेवावा लागतो, तिकडे तशीच पद्धत आहे. शुझोने वाडग्याला हात लावला नाही.

"ताई, ते उत्तरेकडच्या एका देवळात गेलं. सगळ्यांबरोबर. परत मिळत नाही."

"हं."

"त्या माणसाने मला विचारलं होतं."

फुसाएचा हात थांबला. "काय विचारलं होतं?"

"तोंडाने नाही. बघितलं होतं, विचारतात तसं. मोठं भांडं होतं त्यांच्याकडे. मी सगळ्या म्हणालो असतो तर सगळ्या मिळाल्या असत्या."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"तुम्ही होतात ना तिथे."

"मी होते. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"मी माहिती सांगितली."

फुसाएने शेगडीवरचा रस्सा खाली उतरवला. मग तिचा आवाज चढला. "मी तुमच्या तोंडाकडे बघत बसले होते, कळलं? आत्ता बोलेल, आत्ता बोलेल, नवरा आहे तिचा, त्याचा मान. मी दोन हातांनी ओंजळीत भरून आणली असती हो तिला! ओटीत घेतली असती. आणि तुमचं आपलं नागोया! त्या नागोयाला आग लागो." तिने डोळे पुसले. "कियोए फोनवर सांगायची, आमच्या घरात एक रेडिओ आहे, त्याला बंद करायचं बटण नाही. मी म्हणायचे, फोड की मग. तर म्हणे, नको ताई, बंद पडला तर घर खायला उठेल."

शुझोने गाठोडं तिच्याकडे सरकवलं. "सगळ्या तुम्ही ठेवा, ताई. मी रिकामा जातो."

"आणि तुम्ही काय पुजणार? माहिती?"

फुसाए उठली. आतून तिने एक पांढरं फडकं आणलं, चहाचा एक स्वच्छ पुसलेला डबा आणला आणि लांब काड्यांच्या दोन जोड्या आणल्या. टेबलावरचं सगळं बाजूला करून फडकं पसरलं. "अर्ध्या करू," ती म्हणाली. "अर्ध्यातल्या अर्ध्या. आई इथे आहे, थोडी इथे राहू दे. थोडी तुमच्याकडे."

झाकण काढून तिने भांडं फडक्यावर अलगद तिरकं केलं. जे होतं ते फारच थोडं होतं. दोघांनी काड्या घेतल्या. तिकडची बोटं शेतातली, इकडची यंत्रावरची. फुसाएने एका तुकड्याला एका बाजूने काड्या लावल्या, शुझोने दुसऱ्या बाजूने, आणि तो दोघांनी मिळून उचलला. लहानसा, गोलसर, वरून घासल्यासारखा गुळगुळीत.

"हा कुठला?" फुसाएने विचारलं.

शुझोला माहीत होतं. घोट्यातलं हाड. अंगाचं सगळं ओझं त्याच्यावरून पायात उतरतं, आणि तरी एकही स्नायू त्याला चिकटलेला नसतो. दोन वाक्यांची माहिती, जिभेच्या टोकावर आलेली, शब्दन् शब्द बरोबर. फुसाए त्याच्याकडे बघत होती. काड्यांच्या टोकांवरून तो तुकडा जराही हलू नये म्हणून शुझोने श्वास धरला होता, आणि तो सुटला तेव्हा त्याच्याबरोबर घशातून असा आवाज आला की त्याचा त्यालाच तो ओळखू आला नाही.

"कियोएचा," तो म्हणाला.

"हो," फुसाए म्हणाली. दोघांनी मिळून तुकडा डब्यात नेला. मग त्याला डोळे पुसायला तिने थोडा वेळ दिला.

"आता दुसरा उचल," ती म्हणाली. "सावकाश."